पहिला मेकॅनिकल कीबोर्ड: तयार घ्यावा, किट जोडावं की तारा ओढून हाताने बांधावा?

साध्या कीबोर्डाची रबरी बटणं बसायला लागली की मेकॅनिकलचा, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेल्या कीबोर्डाचा, विचार डोक्यात येतो, आणि तिथेच तीन वाटा फुटतात. पहिली, तयार हॉट-स्वॅप कीबोर्ड: स्विच नुसता दाबला की बसतो, ओढला की निघतो. दुसरी, छापील सर्किट बोर्डाचं किट, त्यावर स्विच आपण सोल्डर करायचे. तिसऱ्या वाटेत बोर्डच नसतो. चौकोनी भोकं पाडलेल्या प्लेटमध्ये स्विच बसवायचे आणि मागून एकेकाला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) आणि तार जोडत सगळं जाळं हाताने उभं करायचं. त्याला हँडवायर म्हणतात.

पुण्या-मुंबईच्या माणसाला दिलेला सल्ला दिग्रस, कारंजा, मेहकरच्या आसपासच्या गावात जसाच्या तसा चालत नाही. इथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, नेट रडतखडत चालतं, आणि बिघडलेली वस्तू कोण दुरुस्त करणार हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारावा लागतो. म्हणून माझं मत आधीच सांगतो: रोजच्या कामाचा पूर्ण कीबोर्ड तयार घ्या. हाताने बांधायची ओढ असेल तर जरूर बांधा, पण सुरुवात नंबरपॅडपासून करा.

हाताने बांधला की स्वस्त पडतो, हा समज मात्र काढून टाका. ६१ बटणांचा छोटा कीबोर्ड धरा. स्विच २०-२५ रुपयांचा म्हटला तरी नुसत्या स्विचचे बाराशे ते पंधराशे होतात. कीकॅप्स, म्हणजे बटणांच्या वरच्या टोप्या, हजाराच्या आसपास, रास्पबेरी पाय पिको (कोणतं बटण दाबलं ते ओळखून कॉम्प्युटरला कळवणारा कंट्रोलर बोर्ड) चारशेच्या घरात, वर प्लेटचं कटिंग, डायोड, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर. साडेतीन-चार हजारांच्या खाली हे गणित बसत नाही, आणि त्याहून कमी पैशात ठीकठाक हॉट-स्वॅप कीबोर्ड घरपोच येतो.

तयार हॉट-स्वॅप कोणी घ्यावा? ज्याचं पोट टायपिंगवर आहे त्याने. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेसाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग बांधणारा विद्यार्थी, तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करून देणारा. परीक्षेच्या केंद्रावर साधा पूर्ण आकाराचा कीबोर्ड समोर येतो, त्यामुळे घरी विचित्र मांडणीवर बोटं बसवून घेणं नुकसानीचं ठरेल. स्विच एकेक बदलता येतो, ही याची मोठी जमेची बाजू. कापूस वेचणीच्या दिवसांत बारीक तंतू सगळीकडे बसतात. कीकॅप काढून ब्रश मारायचा, तरीही एखादं बटण अडकलं तर तेवढाच स्विच ओढून नवा लावायचा. लावताना त्याच्या दोन्ही पिना सरळ आहेत ना ते बघा, आणि शक्य असेल तर मागून बोटाचा आधार द्या. जोर लावला तर सॉकेट बोर्डावरून उखडतं. स्विच निवडताना फार डोकं खपवू नका. घरात रात्री कोणी झोपलं असेल तर टकटक वाजणारा निळा नको, लाल किंवा तपकिरी घ्या.

याची कमकुवत बाजू एकच, पण ती इथे जास्त टोचते. आतली चिप गेली तर तालुक्यात कोणाकडे उपाय नाही. यूएसबीचं पोर्ट मोबाईल रिपेअरवाला बदलून देईल, पण फर्मवेअरसकट (चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रामसकट) ती चिप तो आणणार कुठून?

किटची वाट मला आपल्याकडच्या नवख्यासाठी सगळ्यात कमी पटते. सोल्डरिंग तर करावंच लागतं, आणि मांडणी दुसऱ्याने ठरवलेलीच मिळते. गन जास्त वेळ टेकली आणि बोर्डावरचा तांब्याचा पॅड (सोल्डर लावायची जागा) उचकटला, तर शिकाऊ माणूस तिथेच अडतो. काम सुबक दिसतं, हे खरं. दिसण्याला महत्त्व असेल तर घ्या.

आता हँडवायर. याच्यासारखं शिकवणारं काम या किमतीत दुसरं नाही, असं मला मनापासून वाटतं. कीबोर्ड आतून कसा चालतो ते हातालाच कळतं. बटणं ओळी आणि स्तंभ अशी जोडलेली असतात आणि कंट्रोलर क्षणाक्षणाला प्रत्येक जोडी तपासत असतो. डायोड नसतील तर नंबरपॅडवर ७, ९ आणि १ एकदम दाबल्यावर न दाबलेला ३ सुद्धा उमटू शकतो, कारण वीज उलट्या वाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यात पोचते. प्रत्येक स्विचला एकेक १एन४१४८ डायोड लावला की ती उलटी वाट बंद. काचेच्या त्या इवल्या नळीवरची काळी पट्टी सगळीकडे ओळीच्या तारेकडे ठेवायची, आणि फर्मवेअरमध्येही दिशा स्तंभाकडून ओळीकडे अशीच सांगायची. एक डायोड उलटा लागला तर तेवढं एक बटण मुकं राहतं.

नंबरपॅडच का? छोट्या कीबोर्डात आकड्यांचा वेगळा भाग नसतो, आणि आपल्याकडचं काम तर आकड्यांचंच आहे: आधार, खाते क्रमांक, गट नंबर, मोबाईल. ५ ओळी, ४ स्तंभ, २० बटणं, सगळी एका मापाची. लांब बटणं टाळली की स्टॅबिलायझरची (लांब बटण तिरकं होऊ नये म्हणून खाली लावायच्या तारेची) कटकट नाही. कंट्रोलरच्या फक्त ९ पिना लागतात. पूर्ण ६१ बटणांना ५ ओळी आणि १४ स्तंभ म्हणजे १९ पिना लागतात, आणि प्रो मायक्रो या दुसऱ्या कंट्रोलरवर कामाच्या १८च असतात. हे आधी मोजलं नाही तर अर्ध्या कामात अडचण होते. पिकोवर २६ आहेत, म्हणून तोच घ्या. पुढे मोठा कीबोर्ड बांधायचा झाला तर तोच काढून वापरता येतो. घरात पडलेला जुना आर्डुइनो उनो (आर३ पर्यंतचा कंट्रोलर बोर्ड) मात्र या कामाला घेऊ नका, त्याची मुख्य चिप यूएसबी कीबोर्ड म्हणून थेट बोलत नाही.

सामानाचं म्हणाल तर गाव इथे कमी पडत नाही. स्विच, कीकॅप आणि पिको कुरियरनेच येतील. डायोड आणि सोल्डर वायर नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. तार तर आपल्या दारातच आहे: मोटारी जळण्याचं प्रमाण इतकं की रिवायंडिंगचं दुकान जवळपास असतंच. तिथली बारीक वायंडिंग तार स्तंभांसाठी छान चालते, कारण तिच्यावर इनॅमलचा थर असतो आणि ओळीच्या उघड्या तारेवरून गेली तरी शॉर्ट होत नाही. फक्त जिथे सोल्डर करायचं तिथे ब्लेडने खरवडून तांबं चमकेपर्यंत थर काढायचा. इथे आळस केला तर सोल्डर वर गोळा होऊन बसतो, दिसायला पक्का, आत जोड नाही.

प्लेटसाठी जिल्ह्याच्या गावी नेमप्लेट आणि ट्रॉफी करणारे लेझर कटिंगवाले शोधा. भोक १४ मिलिमीटर चौरस, एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर. जाडी दीड मिलिमीटर असेल तर स्विचच्या खाचा कट्कन बसतात. तीन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक दिलं तर खाच अडकत नाही, मग ग्लू गनने स्विच चिकटवावे लागतात. थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए प्लास्टिक टाळा आणि पीईटीजी प्लास्टिक मागा. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढं तापतंच.

सोल्डरिंगची वेळ सकाळची ठेवा. गनची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते: २३० व्होल्टला २५ वॅट देणारी गन संध्याकाळी १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॅटची उरते. टोक पुरेसं तापत नाही आणि जोड कच्चे राहतात. आमच्याकडचे टीव्ही दुरुस्त करणारे काका एकच खूण सांगतात, "सोल्डर चमकला पायजे भाऊ, पांढरट पडला म्हंजे कच्चा." एक ओळ झाली की मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून तपासत चला: लाल टोक काळी पट्टी नसलेल्या बाजूला, काळं टोक पट्टीकडे, ०.६ ते ०.७ च्या आसपास आकडा आला की ठीक. गन चालू असताना पिको कॉम्प्युटरला जोडलेला नको. आणि मागून काम करताना सगळं आरशासारखं उलटं दिसतं, म्हणून डावा स्तंभ कोणता ते प्लेटवर मार्करने लिहूनच सुरुवात करा.

तयार फर्मवेअरमध्ये क्यूएमके नावाचं सर्वांत पक्कं, पण त्याची साधनं उतरवायला शेकडो एमबी लागतात. नेट कच्चं असेल तर केएमके हे दुसरं फर्मवेअर बघा. पिकोवरचं बटण दाबून धरून केबल लावली की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. त्यात सर्किटपायथनची (पिकोवर पायथन भाषा चालवणाऱ्या प्रोग्रामची) फाइल टाकायची, मग केएमके आणि आपली मांडणीची फाइल. बदल करायचा तर नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केलं की झालं.

बांधलेल्या पॅडचं खरं सुख इथून पुढे. '००' चं बटण ठेवा, हिशेब करणाऱ्याला त्याची किंमत कळेल. एका बटणावर गावाचा पिनकोड ठेवता येतो. मराठीही जमते, पण कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षरं पाठवत नाही, बटणांचे क्रमांक पाठवतो. अक्षर कोणतं ते कॉम्प्युटरवर निवडलेली मांडणी ठरवते. इनस्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची मांडणी चालू असेल तर पी, एफ, एन, डी, यू, ई हा क्रम एका बटणावर बसवला की 'जिल्हा' उमटतं. रेमिंग्टन मांडणी वापरणाऱ्याला क्रम वेगळा द्यावा लागेल. पासवर्ड मात्र असा कधीही ठेवू नका, दुकानात पॅड सगळ्यांच्या हाताखाली असतो.

आणि दुरुस्ती. हँडवायरमध्ये बिघडण्यासारखं जे आहे ते सगळं डोळ्यांना दिसतं: स्विच, डायोड, तार, पिको. पिको गेला तर नवा आणून त्याच ९ तारा जोडायच्या आणि फाइल परत टाकायची. त्याचं मायक्रो यूएसबी पोर्ट हीच नाजूक जागा आहे, तिथे केबलला ओढ बसणार नाही अशी आतून बांधून घ्या, किंवा टाइप-सी पोर्ट असलेला, पिकोचीच आरपी२०४० चिप लावलेला बोर्ड घ्या.

हातात दोन-अडीच हजार असतील आणि काम उद्यापासून सुरू करायचं असेल, तर हॉट-स्वॅप मागवा आणि मोकळे व्हा. काम चालू कीबोर्डावर निघत असेल आणि सकाळचे काही तास रिकामे मिळत असतील, तर वीस स्विच, वीस डायोड आणि एक पिको मागवा. डायोड पाच-दहा जास्तच घ्या, पाय वाकवताना काच तडकते.