वाइनचा अभ्यास: देशवार करावा की वाणवार?

वाइन थोडीफार चाखून झाली आहे, आता जगभरच्या वाइन जरा शिस्तीत शिकायच्या आहेत, असं ठरवलं की दोन वाटा फुटतात. एक देशवार: आधी फ्रान्स, मग इटली, स्पेन असं करत चिली-न्यूझीलंडपर्यंत. दुसरी वाणवार: द्राक्षाचा एकच वाण धरायचा आणि तो जिथे जिथे पिकतो तिथल्या वाइन शेजारी-शेजारी ठेवून चाखायच्या. मी दोन्ही करून पाहिलंय.

देशवार अभ्यासाची गोडी वेगळीच. फ्रान्सच्या बोर्डोत नदीच्या डाव्या काठावरच्या खडीच्या जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्यॉं हा वाण का आणि उजव्या काठावरच्या चिकणमातीत मर्लो का, हे एकदा नकाशावर पाहिलं की विसरायला होत नाही. शिवाय युरोपातल्या बऱ्याच लेबलांवर नुसतं ठिकाणाचं नाव असतं: शाब्ली, सान्सेर, बारोलो. वाण कोणता ते आपल्यालाच माहीत असावं लागतं. अनेक वाणांच्या मिश्रणांचं तर विचारूच नका. फ्रान्सच्याच शातोनफ-द्यु-पाप वाइनमध्ये 13 वाण चालतात. ती कुठल्या कप्प्यात घालणार?

मला नडली ती जिभेची आठवण. देशवार जाताना एकेका देशात महिने निघून जातात. फ्रान्सची सिरा चाखून ऑस्ट्रेलियाच्या शिराझपाशी (वाण तोच, नाव तिथलं) पोचेपर्यंत पहिलीची चव पार पुसलेली असते. उरते ती वही. आणि वहीत काय, तर बोर्डोसमोर ‘काळी फळं, टॅनिन (तोंड कोरडं पाडणारा तुरटपणा) मध्यम, चव रेंगाळते’, स्पेनच्या रिओहासमोर जवळपास तेच, इटलीच्या किआन्तीसमोरही तेच. आम्लता ‘जास्त’ म्हणून लिहिलंय, पण कशापेक्षा जास्त? तुलनेला दुसरा ग्लास शेजारी नव्हताच! 1855 चं बोर्डोच्या वाइनघरांचं दर्जावार वर्गीकरण तोंडपाठ, त्यात 1973 साली मूतों-रोथशिल्ड या वाइनघराला मिळालेली बढतीही पाठ. चवीच्या बाबतीत मात्र पानंच्या पानं एकसारखी.

वाणवारात ही कटकट पहिल्याच बैठकीत मिटते. रीसलिंग घ्या. एका ग्लासात जर्मनीतल्या मोझेलची काबिनेट (हलक्या धाटणीची वाइन), दुसऱ्यात ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीची, दोन्ही सारख्याच गार. मोझेलची बऱ्याचदा जेमतेम 8-9 टक्के अल्कोहोलची आणि गोडसर, पण घोट उतरला की गालांच्या आतून पाणी सुटतं आणि गोडी जिभेवर टिकत नाही. क्लेअरची बहुधा अगदी ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, लिंबाच्या सालीच्या वासाची, 12 टक्क्यांच्या आसपास. आंबटपणा दोन्हीत खणखणीत, म्हणजे तो वाणाचा. गोडी एकीतच, म्हणजे ती तिथल्या हवेची आणि करणाऱ्याच्या हातची. हा हिशेब दोन ग्लास समोर असले तरच जुळतो, निदान माझा तरी.

शार्दोनेचंही तसंच. ओकच्या लाकडी पिंपाचा स्पर्श नसलेली शाब्ली आणि पिंपात मुरलेली कॅलिफोर्नियाची एकत्र ठेवली की लोण्याचा वास एकीतच येतो. तो द्राक्षातून येत नाही. वाइनमधल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू तो देतात. शाब्लीतही बहुधा हे जिवाणू काम करतात, पण तिथे तो वास क्वचितच जाणवतो. कारण वाचून कळतं, वास मात्र असा शेजारी ठेवूनच नाकात बसतो.

परीक्षा द्यायची असेल किंवा हॉटेलात वाइन सुचवायचं काम असेल, तर देशवार अभ्यासाला पर्याय नाही. तिथे गिऱ्हाईक गावाचं नाव घेऊनच विचारतं. हौसेने शिकणाऱ्याने मात्र, मला वाटतं, आधी वाण धरावेत आणि नकाशा मागाहून उघडावा. रीसलिंग, सोव्हिन्यॉं ब्लां आणि शार्दोने आधी, मग पिनो न्वार आणि सिरा. नेबिओलो मात्र सुरुवातीला घेऊ नका. इटलीतल्या पिएमॉन्तेबाहेर तो फारसा लावत नाहीत, त्यामुळे शेजारी ठेवायला दुसरीकडची बाटली शोधता शोधता दमछाक होते.