पेनासारखा पीएच मीटर, आठ महिन्यांनंतर: सगळा जीव टोपीत

वापर दोनच कामांना: द्राक्षाच्या फवारणीचं पाणी आणि ठिबकची आम्ल प्रक्रिया (नळ्यांतला क्षार विरघळवायला आम्ल सोडणं). पाणी बोअरचं, सामू (पीएच) ८.१, तपासणी अहवालात क्षारता (आम्ल गिळायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने) लिटरला ४०० मिलिग्रॅम. पेन नेहमीचाच, बटणावर कॅलिब्रेट होणारा, तापमान दुरुस्तीचा. बाकीचं खोक्यावर लिहिलेलं असतं.

आठव्या महिन्यात बोअरचं पाणी, ताक आणि सायट्रिक ॲसिडचं द्रावण, तिन्हींत आकडा सातच्या आसपास अडकला. सेवा केंद्राचं उत्तर एका ओळीचं: इलेक्ट्रोड (मोजणारं काचेचं टोक) वॉरंटीत येत नाही, नवा पेन घ्या. हे उत्तर चुकीचं आहे. पेन मेला नव्हता, सुकला होता. आणि तो सुकला टोपीमुळे.

या टोपीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. आतली रबरी रिंग सैल आहे, टोपी बसल्याचा आवाज येतो पण हवा जात-येत राहते. उन्हाळ्यात टोपीतलं साठवण द्रावण (काच ओली ठेवणारं) चार-पाच दिवसांत उडतं आणि कडेला पांढरा क्षार उरतो. काचेच्या फुग्यावर ओलाव्याचा जो पातळ थर असतो, त्यावरच हायड्रोजन आयनांची मोजणी चालते. तो वाळला की पेन सात दाखवत बसतो, कारण शून्य मिलिव्होल्ट म्हणजे त्याच्या लेखी सात.

त्यात माहितीपत्रकात ‘डिस्टिल्ड पाण्याने धुवा’ असं ठळक छापलंय, म्हणून बरेच जण टोपीतही डिस्टिल्ड पाणीच भरतात. ते तर आणखी वाईट. शुद्ध पाणी संदर्भ इलेक्ट्रोडमधलं पोटॅशियम क्लोराइड बाहेर ओढून घेतं. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच हवं: १०० मिली डिस्टिल्ड पाण्याच्या द्रावणाला २२.४ ग्रॅम. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. पैसे वाचवायला खताच्या गोणीतलं पोटॅश वापरू नका, त्यातला गाळ इलेक्ट्रोडच्या बारीक छिद्रात बसतो. टोपीच्या तळाशी स्पंजचा तुकडा, त्यावर हे द्रावण, बाहेरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळून पेन उभा ठेवला की महिनाभर ओल टिकते. एवढं कंपनीने आधीच करायला काय हरकत होती?

सुकलेला पेन असा जागा केला. आधी रात्रभर साठवण द्रावणात. सकाळी ६.८६ च्या बफरवर (ठरलेल्या सामूचं द्रावण) जुळवून ४.०१ च्या बफरमध्ये घातला तर आकडा ४.६. म्हणजे २.८५ चं अंतर तो २.२६ दाखवत होता, उतार ७९ टक्के. ८५ च्या खाली इलेक्ट्रोड कामाचा नाही असं धरतात, पण इथे फुग्यावर बोअरच्या पाण्याचा चुन्याचा पापुद्रा दिसत होता. ३५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक १ मिली, ११० मिली पाण्यात (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही), त्यात २० मिनिटं. धुऊन पुन्हा रात्रभर साठवण द्रावणात. आता ४.०१ ला ४.२, उतार ९३. फुगा कापडाने पुसू नका, टिश्यूने फक्त टिपा. फुग्याला बारीक तडा असेल तर मात्र यातलं काहीच उपयोगी नाही.

आता एक मत मागे घ्यायचंय. पहिल्या महिन्यात या पेनाला ५ पैकी २ दिले होते. तक्रार अशी, की ठिबकसाठी हायड्रोक्लोरिक टाकताना आकडा बराच वेळ हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. दोष पेनाचा नव्हता, पाणी तसंच वागतं. ४०० क्षारता म्हणजे लिटरला ८ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट, आणि आम्लाचे हायड्रोजन आयन आधी ते गिळतं. १० लिटरच्या बादलीत ३५ टक्क्यांचं आम्ल साधारण ६.२ मिली गेलं की सामू ५.५ च्या आसपास येतो, ७.१ मिलीला बायकार्बोनेट संपतं, आणि ८ मिलीला थेट ३. शेवटच्या पावणेदोन मिलीत अडीच अंक. श्रेणी लघुगणकी आहे, एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे ५.५ ते ३ म्हणजे हायड्रोजन आयन तीनशेपटीहून जास्त. ‘शेजाऱ्याने २०० लिटरला इतकं टाकलं’ हा हिशोब म्हणूनच चालत नाही. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात तेच ६.२ मिली टाकलं तर सामू २ च्या जवळ जाईल.

बादलीतली चाचणी प्लॅस्टिकच्या सिरिंजने, हातमोजे आणि चष्मा घालून, शेवटी अर्ध्या-अर्ध्या मिलीने करा आणि मग टाकीच्या मापाने गुणा. पाणी ढवळत राहिलं तर ५.५ चा आकडा हळूहळू वर सरकतो. तो पेनाचा दोष समजू नका, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातोय. ठिबकमध्ये शेवटच्या ड्रीपरखाली ४ च्या आसपास सामू मिळाला की आम्ल थांबवायचं, २४ तास ठेवायचं, मग नळ्यांची टोकं उघडून धुवायच्या.

सायट्रिकच्या बाबतीत पेन वेगळा दिसतो, आणि इथेच आम्लाची तीव्रता (किती रेणू आयन देतात) आणि संहतता (लिटरला किती आम्ल आहे) यांची गल्लत होते. हायड्रोक्लोरिक तीव्र आहे, पाण्यात त्याचं पूर्ण विचरण होतं: ०.१ मोलरचा सामू १, दहापट विरल केलं की २. ॲसेटिक ॲसिड तितक्याच संहततेचं घेतलं तर सामू २.९, कारण शंभरातले जेमतेम सव्वा रेणू आयन देतात. दहापट विरल केलं तरी ३.४ च. पण विम्लाने (अल्कलीने) उदासीन करायला बसलात तर ०.१ मोलरच्या दोघांनाही सारखंच विम्ल लागतं. पेन फक्त सुटे आयन मोजतो, राखीव साठा नाही. सायट्रिक सौम्य आहे, गरजेपुरते आयन सोडतं, त्यामुळे या पाण्याच्या २०० लिटरला १५० ग्रॅमच्या आसपास ५.५ मिळतो आणि २० ग्रॅम जास्त पडलं तरी आकडा कोसळत नाही. फवारणीला म्हणूनच सायट्रिक. महाग पडतं, तरी चुकीला जागा देतं.

हा खटाटोप कशासाठी, तर कॅप्टानसारखं बुरशीनाशक सामू ५ ला निम्मं व्हायला ३२ तास घेतं, ७ ला ८ तास आणि ८ ला १० मिनिटं. पंप जोडेपर्यंत औषध गेलेलं असतं. उलट बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद आणि चुना) पाण्यात आम्ल घालू नका, सुटं तांबं पानं भाजतं.

तापमान दुरुस्तीबद्दल एकच सांगतो: ती फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारते, गरम पाण्याचा सामू २५ अंशांचा करून देत नाही. बफरच्या बाटलीवरचा तापमानाचा तक्ता पाहूनच जुळवा, ९.१८ चा बफर ३५ अंशांना ९.१० असतो.

पेनाला आता ४, टोपीला १, एकूण ३. नवीन घेणार असाल तर थोडे जास्त मोजा आणि इलेक्ट्रोड सुटा बदलता येणाराच घ्या. या पेनात तो बदलत नाही, काच गेली की सगळा पेन कचऱ्यात. ६.८६ आणि ४.०१ च्या पुड्या २५० मिलीत एकदम न कालवता सुकी पावडर ठेवा. कालवलेल्या बाटलीवर तारीख टाका, आणि वापरलेला बफर कधीच बाटलीत परत ओतू नका.