फायनलला किती गुण लागतील? तीन चौकटींचा कॅल्क्युलेटर आणि एक्सेलची शीट

परीक्षा तोंडावर आली की ‘फायनल ग्रेड कॅल्क्युलेटर’ छापाची ऑनलाइन साधनं शोधली जातात. बहुतेकांत तीनच चौकटी असतात: सध्याची सरासरी, हवी असलेली टक्केवारी आणि फायनलचं वेटेज, म्हणजे एकूण निकालातला तिचा वाटा. आतलं गणित सगळीकडे एकच. सरासरी ७८, फायनलचं वेटेज ४० टक्के आणि एकूण ८० हवेत असं धरा. बाकीच्या ६० टक्क्यांतून ७८ गुणिले ०.६, म्हणजे ४६.८ हातात आहेत. ८० मधून ते वजा केले की ३३.२ उरतात, त्यांना ०.४ ने भागलं की ८३. इथवर साधन चोख. गोची होते ती पहिल्या चौकटीत.

समजा, असाइनमेंटचं वेटेज २०, त्यात ८५ टक्के. मिडटर्मचं ३०, त्यात ७२. प्रोजेक्टचं १०, तो अजून व्हायचाय. फायनल ४०. झालेल्या कामाचे १७ आणि २१.६ मिळून ३८.६ होतात, पण ते ५० पैकी. म्हणजे सरासरी ७७.२. घाईत ३८.६ हाच आकडा भरला, तर ८० साठी फायनलला १४२ लागतील असं उत्तर येतं. शंभरच्या वरचं उत्तर दिसलं की धीर सोडण्याआधी पहिली चौकट तपासा.

बरं, ७७.२ भरलं तर ८४.२ येतं. तेही अर्धवटच, कारण न झालेल्या प्रोजेक्टलाही ७७.२ मिळणार असं साधनाने परस्पर धरलेलं असतं. प्रोजेक्टला ६० पडले तर फायनलला ८८.५ लागतात, ९० पडले तर ८१ पुरतात. प्रोजेक्टचे चार टक्के म्हणजे फायनलचा एक टक्का. शेवटच्या आठवड्यात वेळ कुठे घालायचा हे या आकड्यावर ठरतं, आणि तीन चौकटींत तो दिसतच नाही. फायनल सोडून सगळं आटोपलं असेल तरच ही साधनं वापरावीत.

एरवी एक्सेल कितीतरी उजवं. घटक, वेटेज, टक्के असे तीन रकाने आणि चार ओळी. वेटेजची बेरीज १०० आली पाहिजे. ९५ आली तर एखादी क्विझ किंवा हजेरी सुटली आहे. टक्क्यांच्या रकान्यात २० पैकी १७ असतील तर १७ नव्हे, ८५ लिहायचे. एकूण काढायला समप्रॉडक्ट फॉर्म्युला (वेटेज आणि टक्के यांचा ओळीओळीने गुणाकार करून बेरीज करणारा), भागिले १००. रिकामा सेल यात शून्य धरला जातो, म्हणून प्रोजेक्टसमोर अंदाजाचा आकडा टाकाच. मग डेटा टॅब, व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस, गोल सीक (हवं ते एकूण येण्यासाठी एखादा आकडा किती लागेल ते शोधणारी सोय): ‘सेट सेल’ला एकूणचा सेल, ‘टू व्हॅल्यू’ला ८०, ‘बाय चेंजिंग सेल’ला फायनलचा सेल. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हेच टूल्स मेनूत मिळतं.

गोल सीकची एक खोट आहे. ते आकडा एकदाच लिहून मोकळं होतं. प्रोजेक्टचा अंदाज नंतर बदलला तरी फायनलचा आकडा जुनाच राहतो, आणि पाहणाऱ्याला तो ताजा वाटतो. त्यापेक्षा शेजारच्या सेलमध्ये सरळ फॉर्म्युला लिहावा: हवे असलेले ८०, वजा बाकीच्या घटकांचे वेटेजनुसार गुण, आणि ही सगळी वजाबाकी कंसात घालून भागिले ०.४. अंदाज बदलला की उत्तर आपोआप बदलतं.

उत्तर नेहमी वरच्या पूर्णांकात न्यायचं. पेपर ६० गुणांचा असेल तर ८४.२ टक्के म्हणजे ५०.५२. तिथे ५० पुरत नाहीत, ५१ हवेत.

सर्वांत कमी गुणांची क्विझ वगळणार असतील तर आधी वगळा, मग सरासरी काढा. ९०, ८०, ८५, ४० आणि ७५ यांची सरासरी ७४. ४० काढले की ८२.५. क्विझचं वेटेज २० असेल, तर एवढ्याने फायनलची गरज सव्वाचार टक्क्यांनी उतरते.

फायनलमध्ये स्वतंत्र पासिंगची अट असेल तर तो आकडा वेगळा लिहून ठेवा, कारण एकूण बेरीज जमली तरी त्या अटीवर ग्रेड अडकू शकते. आणि जिथे ग्रेड वर्गातल्या इतरांच्या गुणांशी तुलना करून ठरते, तिथे ८० ही रेघच आधी ठाऊक नसते. तिथे कॅल्क्युलेटरही चालत नाही आणि शीटही.