कवितेसाठी ई-रीडर: सहा इंची पडदा आणि सतरा अक्षरांची ओळ

कादंबरी वाचायला ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचण्याचं यंत्र, छान, हे आता कुणी वेगळं सांगायला नको. कवितेसाठी तो घ्यावा का, हे मात्र यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात कधीच लिहिलेलं नसतं. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रूफांवर नजर फिरते, त्यामुळे रात्री एखादी कविता नुसती वाचण्यासाठी वाचावी, तीत चुका शोधू नयेत, ही माझी गरज आहे. त्यासाठी सहा इंची, ई-इंकच्या पडद्याचं साधं यंत्र घेतलं आणि आता ते रोजच्या वापरातलं झालं आहे. माझं मत आधीच सांगते: कविता वाचणाऱ्यांनी जरूर घ्यावं, पण हातात आल्याबरोबर त्याची मांडणी बदलावी. जसं येतं तसंच वापरलं तर ते कवितेच्या ओळी मोडतं, आणि ओळ मोडली की कवितेचं फार काही हातून जातं.

आधी पडद्याविषयी थोडं. ई-इंकच्या पडद्यात बारीक बारीक कुप्या असतात आणि त्यांत पांढरे नि काळे कण तरंगत असतात. दोन्हींवर विरुद्ध विद्युतभार. वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो, आणि वीज काढून घेतली तरी कण तिथेच राहतात. म्हणून पान उघडं ठेवून कितीही वेळ बसलं तरी बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही. खर्च होतो तो पान उलटताना आणि दिवा लावल्यावर. कविता वाचणाऱ्याला हे अगदी सोयीचं. आपण एकाच पानावर रेंगाळतो, परत वर जातो, दोन ओळींच्या मध्ये खिडकीबाहेर बघतो. फोनचा पडदा तेवढ्यात काळा होतो, हा होत नाही. दिवाही मागून डोळ्यांवर येत नाही, कडेच्या एलईडीचा उजेड पडद्यावर पसरतो. रात्री दिव्याचा रंग पिवळसर करून वाचलं की डोळे शिणत नाहीत. एवढ्यासाठीच यंत्राला माझे पुरे गुण.

आता ओळीची गोष्ट. सहा इंची पडदा म्हणजे साधारण नऊ सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच. गद्याला एवढी रुंदी पुरते, कारण गद्याची ओळ कुठेही तुटली तरी बिघडत नाही. वृत्तातल्या कवितेचं तसं नाही. माझ्याच वहीतली मंदाक्रांता वृत्तातली एक ओळ घेते:

आता आता उलगडतसे पान ओले दिसाचे

मंदाक्रांतेत सतरा अक्षरं, आणि यती, म्हणजे ओळीतला थांबा, चौथ्या नि दहाव्या अक्षरावर. म्हणजे श्वास ‘आता आता’पाशी थांबतो, मग ‘उलगडतसे’पाशी, आणि उरलेली सात अक्षरं एका लयीत खाली उतरतात. ही ओळ मी यंत्रात घालून बघितली. डोळ्यांना सुखाच्या आकारात अक्षरं ठेवली तर ‘ओले’पर्यंतचा भाग वर बसला आणि ‘दिसाचे’ एकटंच खालच्या ओळीच्या सुरुवातीला गेलं. जिथे श्वास थांबायलाच नको तिथे डोळा थांबला. मनातल्या मनात वाचताना वृत्त कसं ढासळतं हे मला तोवर इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. शार्दूलविक्रीडिताची ओळ एकोणीस अक्षरांची, स्रग्धरेची एकवीस. त्यांचे हाल आणखी वाईट. याउलट ओवीचे आटोपशीर चरण, अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे तुकडे, भुजंगप्रयाताची बारा अक्षरं हे सगळं या पडद्यावर सुरेख बसतं. संतकविता वाचणाऱ्यांना हे यंत्र पहिल्या दिवसापासून आवडेल, पंडिती श्लोक वाचणाऱ्यांना थोडी खटपट करावी लागेल.

मुक्तछंदात तर वेगळाच घोळ. तिथे ओळ कुठे तोडायची हाच कवीचा निर्णय असतो. यंत्राने आपल्या सोयीने ओळ तोडली आणि उरलेला भाग डावीकडे अगदी कडेला आणून ठेवला, की कवीने तोडलेली ओळ कुठली आणि यंत्राने तोडलेली कुठली, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही. एकच शब्द एकटा पडलेला दिसला की आपण त्यात अर्थ शोधत बसतो आणि तो कवीच्या मनातही नसतो. छापील पुस्तकात हा पेच कंपोझ करणाऱ्यांनी कधीच सोडवला आहे: ओळ मावली नाही तर उरलेला भाग आत सरकवून लावायचा. ईपबमध्येही, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्येही, हे सहज करता येतं, पण बरेच प्रकाशक कवितासंग्रह गद्यासारखाच ढकलून देतात. म्हणून संग्रह विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उतरवून घ्या, अक्षरं दोन पायऱ्या मोठी करा आणि लांब ओळीचं काय होतं ते बघा. उरलेला भाग आत सरकला तर पुस्तक नीट बनवलेलं आहे. नाही सरकला तर मी तो संग्रह कागदावरच घेते.

यंत्राच्या बाजूने जे करता येतं ते असं. कडेचा समास सगळ्यात कमी ठेवा. दोन्ही कडा सारख्या करण्याची सोय बंद करून मजकूर डावीकडून लावा, नाहीतर ओढूनताणून शब्दांत भलतीच अंतरं पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यंत्र आडवं धरा. आडव्या पडद्यावर बारा सेंटिमीटर रुंदी मिळते आणि माझी मंदाक्रांता अखंड बसते. पान लवकर संपतं हे खरं, कडवं मध्येच तुटून पुढच्या पानावर जातं. तरी तुटलेल्या ओळीपेक्षा तुटलेलं कडवं मला चालतं. प्रत्येक यंत्रात आडवं करण्याची सोय नसते, तेव्हा घेण्याआधी विचारा. एरवी कुणी विचारणार नाही, पण कवितेच्या वाचकाने हाच प्रश्न पहिला विचारावा.

देवनागरीबद्दलही सांगायलाच हवं, धंद्याची खोड म्हणा. माझ्या यंत्रात जोडाक्षरं नीट जुळतात, वेलांट्या ओळीत घुसत नाहीत, ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं की रफार आणि उकार एकमेकांना टेकत नाहीत. अडखळायला होतं ते ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतल्या अर्ध्या र पाशी. काही टंकांत (फाँटमध्ये) तो चंद्रकोरीसारखा न येता पाय मोडलेला आणि खाली टिंब असलेला उमटतो. कवितेत हे नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही. ‘दुसऱ्या’मध्ये स वर आघात नाही, तो लघुच राहतो; तिथे रफार दिला किंवा र चा पाय मोडून वाचला की स गुरू होतो आणि गण, म्हणजे लघु-गुरूंचा ठरलेला क्रम, चुकतो. टंक बदलता येत असेल तर दोन-तीन टंक लावून हे दोन शब्द तपासा. जुन्या संग्रहांच्या पीडीएफ प्रती मात्र या पडद्यावर वाचूच नयेत. अक्षरं मुंगीएवढी दिसतात, आणि मजकूर युनिकोड या आजच्या सामायिक अक्षरसंकेताच्या आधीच्या टंकात असेल तर शब्द शोधताही येत नाही.

मला हे यंत्र सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते वाचण्यापेक्षाही लिहिण्यात, आणि याची कल्पना घेताना नव्हती. त्यावर लिहिता येतं म्हणून नव्हे. टिपणांसाठी पडद्यावरचा कळफलक आहे, पण एक अक्षर दाबलं की कण हलून ते उमटेपर्यंत हात पुढे गेलेला असतो. मी त्यावर एखाद्या शब्दापलीकडे काही लिहीत नाही. उपयोग असा: स्वतःच्या कवितेचा कच्चा खर्डा ईपब करून यंत्रात घालायचा आणि दुसऱ्या कुणाचा संग्रह वाचावा तसा वाचायचा. त्यासाठी कॅलिबर नावाचा मोफत प्रोग्रॅम पुरतो. साध्या मजकुराची फाइल देताना प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद धरायला त्याला सांगायचं, नाहीतर तो सगळ्या ओळी जोडून गद्य करून ठेवतो.

वहीत वाचताना हातात पेन असतं आणि दुसऱ्याच ओळीवर खाडाखोड सुरू होते. फोनवर बोट कर्सरकडे जातं. यंत्रात त्या खर्ड्याला हात लावता येत नाही, म्हणून शेवटपर्यंत वाचावंच लागतं. आणि शेवटपर्यंत वाचलं की कळतं, दुसरी ओळ ठीक होती, कविता पाचव्या ओळीला संपली होती आणि पुढची तीन कडवी मी तीच गोष्ट पुन्हा समजावून सांगत होते. वरची मंदाक्रांतेची ओळही एका लांबलचक कवितेतून अशीच उरलेली आहे. वाचून झालं की वही उघडायची आणि यंत्र शेजारी ठेवून कापाकापी करायची. रोज रात्री झोपण्याआधी एक जुनी कविता दुसऱ्याची, एक खर्डा स्वतःचा, असा माझा आता परिपाठ झाला आहे आणि त्यात मला मनापासून आनंद मिळतो.

बाकीचं थोडक्यात. वजन इतकं कमी की एका हातात धरून उभ्यानेही वाचता येतं, रांगेत किंवा प्रवासात एक कविता सहज होते. आवडलेल्या ओळींवर खूण करता येते, आणि सगळ्या खुणा एका यादीत मिळतात; पण त्या यादीत ओळी एकापुढे एक चिकटून येतात, म्हणून जपून ठेवायच्या ओळी मी हाताने वहीतच उतरवते. मराठी शब्दकोश माझ्या यंत्रात नाही, आणि जुनी कविता वाचताना तो पदोपदी लागतो. चित्रं किंवा आकारबंध असलेल्या कविता, जिथे शब्द पानभर विखरून मांडलेले असतात, त्यांच्यासाठी कागदाला पर्याय नाही.

घेणार असाल तर माझा सल्ला सहाऐवजी सात-आठ इंची पडद्याचा, आडवा होणारा आणि कडेला पान उलटायची बटणं असलेला. पडद्याला बोट लावून पान उलटताना कधी कधी शब्दावर खूण होते आणि शब्दकोशाची चौकट कवितेवर उघडते. बटण असलं की अंगठा तिथेच राहतो आणि डोळे ओळीवर.