एचओ लेआउटवरच्या काँक्रीटसाठी वॉल पुट्टी

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर (छोट्या रुळांच्या आणि गाड्यांच्या मांडणीवर) कोकण रेल्वेच्या धर्तीचं एक लहान स्टेशन आहे, एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. त्याचा प्लॅटफॉर्म मी दोनदा उखडून टाकला. दोन्ही वेळा लेबलवर ‘काँक्रीट’ लिहिलेला तयार परदेशी रंग वापरला होता. बोटभर बाटलीला भरपूर पैसे मोजले आणि दिसायचं काय, तर राखाडी रंग दिलेला पुठ्ठा. तिसऱ्या खेपेला हार्डवेअरवाल्याकडून बिर्ला व्हाइटची वॉलकेअर पुट्टी आणली, एक किलोची पिशवी. आता दुसरं काही वापरायची इच्छाच होत नाही.

मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, खोललं की काँक्रीटवर फळ्यांचे ठसे, हवेची बारीक भोकं आणि सांध्यातून गळालेल्या स्लरीचे, म्हणजे पातळ सिमेंटचे, ओघळ दिसतात. माझ्या डोळ्यांना काँक्रीट म्हणजे हेच, आणि नुसत्या रंगातून ते येत नाही. ही पुट्टी मुळात पांढऱ्या सिमेंटची, त्यामुळे तिच्यावर यातलं सगळं उमटवता येतं.

आपल्याकडचा उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, म्हणजे एचओमध्ये साधारण ८.७ ते ९.७. त्यासाठी मी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) घेतो, पॉलिश पेपरने खरवडतो आणि पातळ फेविकॉलचा हात देतो. त्यावर पुट्टीचा थर एक मिलिमीटरचाच. पहिल्यांदा मी तीन मिलिमीटर थापून वर पंखा लावला आणि सकाळपर्यंत भेगा पडल्या. चूक माझीच होती. थर जरा आवळला की जुन्या टूथब्रशने हलकेच टोचायचं, भोकं उठतात. फळ्यांच्या रेघा कटरच्या पात्याच्या पाठीने. १५ सेंटिमीटरची फळी धरली तर दोन रेघांत पावणेदोन मिलिमीटर. इथे घाई करू नका. रेघ अगदी सरळ आली की खोटी वाटते, खरी फळी थोडी खालीवर बसलेली असते.

रंगाला कॅमलचे अ‍ॅक्रिलिक पुरतात. काळा आणि रॉ अंबर (मातकट तपकिरी) पाण्यात इतका पातळ करायचा की चहाच्या कपात बुडवलेल्या ब्रशचं पाणी वाटावं. सुकलेली पुट्टी तो शोषून घेते आणि भोकांत, रेघांत गडदपणा आपोआप साचतो. तयार रंगाच्या गुळगुळीत थरावरून हेच पाणी ओघळून जायचं. रुळाकडच्या बाजूला ब्रेकच्या धुळीचा तांबूस हात, पायथ्याशी शेवाळाचा काळपट हिरवा.

अडचण साठवणुकीची. उघडी पिशवी पावसाळ्यात दगड होते, म्हणून मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. घासताना धूळ फार उडते, मास्क लावाच. आणि टोकदार कडा ठोकर लागली की तुटतात. तिथे मी पुट्टीऐवजी प्लास्टिकची पट्टी बसवतो.

सध्या रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाचा एक खांब करतोय. खरा पूल ६४ मीटर उंच, एचओमध्ये साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर. पुट्टी लावून झाली आहे, वरून खाली उतरणारे पावसाचे ओघळ तेवढे बाकी आहेत.