कोर्टाच्या ऑर्डरवरचं समुपदेशन, रत्नागिरीतला आमचा अनुभव (५ पैकी ४)

केंद्राचं नाव टाकत नाही कारण केस अजून चालू आहे, पण कोर्टाने समुपदेशनाला पाठवलंय आणि तिथे काय होतं हेच माहीत नाही अशी वेळ कुणावर आली असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय.

माझा धाकटा भाऊ जयगडला ट्रॉलरवर खलाशी आहे. दारू पिऊन बायकोवर हात उचलायचा. लिहितानाही लाज वाटते पण लपवून काय उपयोग. भावजयीने केस टाकली आणि बरोबर केलं, तिला वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. मॅजिस्ट्रेटनी २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १४ खाली भावाला समुपदेशन लावलं आणि पुढची तारीख दोन महिन्यांच्या आतली दिली, कायद्यातच तसं आहे.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी पाठवलं होतं. रजिस्टरवर सही, दहा मिनिटं "संसारात होतं असं, सांभाळून घ्या", झालं. दुसऱ्या खेपेला तर दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. भावजय माझ्या शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, एक शब्द बोलली नाही, आणि त्यांनी कागदावर लिहिलं 'चर्चा समाधानकारक'. अजूनही आठवलं की डोकं फिरतं. तिच्या वकिलांनी अर्ज दिला म्हणून बदलून मिळालं.

इथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी कोरा कागद घेऊन मधे रेघ मारली. डावीकडे कोर्टाला काय कळणार: किती वेळा आलात, कधी चुकवलंत, कुणाच्या जिवाला धोका वाटला तर तो. उजवीकडे या खोलीत काय राहणार. भावाने दोनदा वाचला आणि विचारलं, मी अजून पितोय असं सांगितलं तर? मॅडम म्हणाल्या, "ते उजवीकडे. पिऊन तिच्या दारात गेलात तर डावीकडे." त्यानंतर तो बोलायला लागला. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे, कोर्टाने धाडलेल्या माणसाला समोरची बाई म्हणजे पोलीसच वाटते, तो गोडगोड बोलून दिवस काढतो आणि घरी गेला की परत तेच.

दुसरं म्हणजे त्याला सबबी सांगू दिल्या नाहीत. "पण ती उलट बोलली" असं सुरू केलं की तिथेच थांबवायच्या. २००६ च्या नियमांतच आहे की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करता येणार नाही आणि हे समोरच्याला आधीच सांगायचं. एकदा तो म्हणाला, जून-जुलैची मासेमारी बंदी, हातात पैसा नाही, मग दुपारपासूनच बाटली. मॅडम म्हणाल्या, "हे कधी झालं ते कळलं, हात का उचललात ते तुम्ही सांगा." तो बराच वेळ गप्प होता. घरी येताना एसटीतही गप्पच. भावजयीला मात्र वेगळ्या दिवशी बोलवायच्या, त्याच्यासमोर एकदाही बसवलं नाही.

दारू एकदम सोडू नका, आधी डॉक्टर गाठा, असंही बजावलं, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर थरथर सुटते, फिटही येऊ शकते. मनोरुग्णालयाचं नाव काढल्यावर भाऊ भडकला, मी काय वेडा आहे का म्हणून. मग सिव्हिलला जायला तयार झाला.

एक स्टार कापला तो बसायच्या बाकासाठी. बाक पडवीत, तोंड रस्त्याकडे, येणारा जाणारा बघतो कोण आलंय ते, आणि आपल्याकडे बातमी घरी पोचायला किती वेळ लागतो. त्याच बाकावर एक काका भेटले, त्यांचा मुलगा जेलमध्ये कच्चा कैदी. म्हणाले, तिथे समुपदेशनाच्या वेळी शिपाई दारातच उभा असतो, पोरगा जेवण आणि वकील सोडून काही बोलतच नाही. आमच्या भावाला निदान दार बंद करून बसायला मिळालं. मॅडम एकट्याच आहेत, त्या रजेवर गेल्या की तारीख पुढे जाते. मात्र बोट फेरीवर असली तर आधी कळवल्यास दुसरा दिवस देतात.

आता चार महिने झालेत. भावजय माहेरीच आहे आणि तिने कधी यायचं, यायचं की नाही, हे तिच्यावर आहे. भाऊ अजून जातोय, ऑर्डरमधल्या फेऱ्या संपल्या तरी.

जाताना ऑर्डरची झेरॉक्स आणि आधार न्या, आणि सकाळच्या गाडीने जा, दुपारी जेवणासाठी बंद असतं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.