आमचंच आम्हाला विकलं: ‘डिजिटल ग्रंथालय’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आणखी दोन महाविद्यालयांना ज्या माणसाचा फोन आला, त्याने आमच्या महाविद्यालयाकडून सव्वाचार लाख रुपये नेले आहेत. म्हणून हे लिहितो आहे. नाव देत नाही. प्रकरण वकिलांकडे आहे, आणि कंपनीचं नाव तो बदलत राहतो. पद्धत मात्र तीच ठेवतो. ती ओळखता यावी एवढ्यासाठी सविस्तर सांगतो.

आमचं महाविद्यालय किनाऱ्यालगतच्या तालुक्यातलं. मी मराठी शिकवतो आणि ग्रंथालय समितीवर आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची भेट जवळ आली होती. ग्रंथालयाचं संगणकीकरण झालं आहे का, कोणती प्रणाली वापरता, हा प्रश्न नॅकच्या प्रश्नावलीत असायचाच आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो थेट संस्थेच्या कार्यकारिणीला भेटला. ग्रंथपाल मॅडमना भेटलाच नाही. ही त्याची रीत असल्याचं पुढे कळलं: ज्याला ग्रंथालयाचं काम कळतं त्याला वगळून ज्याच्या हातात सही आहे त्याला गाठायचं.

त्याने चार गोष्टी एकत्र बांधून विकल्या. पाच वर्षांचा धोरणात्मक आराखडा, ‘स्वतः तयार केलेलं’ सॉफ्टवेअर, दोन लाख ई-पुस्तकं आणि जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग. निम्मे पैसे आगाऊ.

आराखडा आला तो शंभरेक पानांचा, गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेला. मॅडमनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात वाचनकक्ष रात्री बारापर्यंत उघडा ठेवण्याची शिफारस होती. आमची निम्मीअधिक मुलं दुपारच्या एसटीने वाडीवर परततात. ती गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. एका पानावर ‘दोन्ही संकुलांमधील विद्यार्थी’ असा उल्लेख होता. आमचं संकुल एकच. दुसऱ्याच कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचा मजकूर उचलून वर आमचं नाव चिकटवलेलं होतं. दमट हवा, कसर, वाळवी यांवर एक ओळ नव्हती. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्या दोन्हींतून ज्याला काही नोंदवावंसं वाटलं नाही, त्याने कोकणातल्या ग्रंथालयाच्या पुढच्या पाच वर्षांबद्दल काय सांगायचं? याच रत्नागिरीत 1828 पासून वाचनालय चालू आहे. इथल्या वाचकाला इतकं गृहीत धरलं, याचा मला पैशांइतकाच संताप आला.

सॉफ्टवेअरचं बिंग आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने फोडलं. ती आता पुण्यात ग्रंथालयात नोकरी करते. सुट्टीत गावी आली होती, तशी ग्रंथालयात डोकावली. स्क्रीनवर कंपनीचं बोधचिन्ह होतं, पण वरच्या पत्त्याच्या पट्टीत मधोमध ‘कोहा’ लिहिलेलं तिला लगेच दिसलं. कोहा ही न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि 2000 साली सुरू झालेली प्रणाली. ती मुक्त स्रोत आहे, कुणीही फुकट उतरवून घ्यावी. जगभरची ग्रंथालयं ती वापरतात. ती बसवून देण्याचे, शिकवण्याचे, सर्व्हर सांभाळण्याचे पैसे घेणं यात गैर काहीच नाही. प्रामाणिकपणे ते काम करणारी मंडळी आहेत आणि त्यांना मोबदला मिळायलाच हवा. इथे मात्र ‘आमच्या मालकीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स’ म्हणून वर्षाचं वेगळं शुल्क लावलं होतं आणि मुख्य पासवर्ड स्वतःजवळ ठेवला होता.

दोन लाख ई-पुस्तकांची गोष्ट याहून वाईट. त्यातली काही थेट नॅशनल डिजिटल लायब्ररीच्या पानांवर जात होती. आयआयटी खरगपूर चालवते ती, सर्वांसाठी मोफत. उरलेली बहुतेक एन-लिस्टवरची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या सरकारी केंद्राची, ई-पुस्तकं आणि नियतकालिकं देणारी ही योजना महाविद्यालयांसाठीच आहे, थोडक्या वार्षिक वर्गणीत. आमचं महाविद्यालय आधीपासून तिचं सभासद होतं! मुलांची लॉगिन मॅडमनीच काढून दिली होती. ‘जोडणी करायची आहे’ म्हणून त्याने ती यादी मागून घेतली आणि आमचंच आम्हाला विकलं.

स्कॅनिंगबद्दल लिहिताना अजून जीव तुटतो. आमच्याकडे देणगीतून आलेली काही जुनी पुस्तकं, मासिकांच्या बांधीव फायली आणि गावच्या खोतीच्या संदर्भातले मोडी कागद आहेत. त्यांची दुसरी प्रत कुठे असेल असं वाटत नाही. ठरलं होतं पुस्तक न उसवता, 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्कॅन करायचं आणि मूळ, न दाबलेल्या टिफ फायली आमच्या ताब्यात द्यायच्या. एके सकाळी ग्रंथालयातले मामा माझ्याकडे धावत आले. “सर, पुस्तकांच्या शिवणी कापून टाकल्यानी!” सुटी पानं यंत्रात भराभर जातात, पानामागे पैसे मिळतात, म्हणून फायलींची पाठच कापली होती. हाती आल्या त्या पुसट, दाबून लहान केलेल्या पीडीएफ. मराठी शब्द टाकून शोध घेता येईल म्हणाले होते, एकही शब्द सापडत नाही. पानं वाढावीत म्हणून हयात लेखकांची पुस्तकंसुद्धा स्कॅन करून संकेतस्थळावर उघडी टाकली होती. 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो. कुणी दावा लावला असता तर नोटीस महाविद्यालयाला आली असती. मॅडमनी त्या फायली त्याच दिवशी काढायला लावल्या.

दुसऱ्या वर्षाचं शुल्क आम्ही अडवलं तसा त्याने कॅटलॉग बंद केला. आपल्याच पुस्तकांची यादी परत हवी तर ‘डेटा निर्यात शुल्क’ भरा म्हणाला. बऱ्याच वादानंतर जी फाईल मिळाली तिच्यात मराठी शीर्षकं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती. दुसऱ्या संगणकावर ती इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतात. मॅडमनी संगणक आल्यानंतरही दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही, हाताने लिहिणं सोडलं नव्हतं. त्या रजिस्टरवरूनच आता नव्याने नोंदी चालू आहेत, कोहावरच, स्वतःच्या सर्व्हरवर, युनिकोडमध्ये. बीएच्या मुली तास संपल्यावर येऊन टाइप करतात.

सध्या तो ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये नाव घालून देतो असं सांगत फिरतो आहे. केंद्राने 25 नोव्हेंबर 2024 ला मंजूर केलेली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटींची, संशोधन-नियतकालिकं वाचायला देणारी ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे आणि इन्फ्लिबनेटमार्फत चालते. तिच्यासाठी कुणा मध्यस्थाला पैसे द्यावे लागत नाहीत. शंका असेल तर इन्फ्लिबनेटलाच विचारा.

तुमच्याकडे कुणी असा प्रस्ताव घेऊन आला तर पहिल्या बैठकीला ग्रंथपाल हवेतच. आराखडा बाहेरच्याकडून लिहून घेण्याआधी आपली मुलं काय वाचतात, कोणत्या वाडीत रेंज आहे, फक्त आपल्याकडेच असलेले कागद कोणते, एवढं स्वतः लिहून काढा. आम्ही ते आता केलं, आणि चार पानांत मावलं. स्कॅनिंग आधी दहा पानांचं करून घ्या, माणूस शेजारी उभा ठेवून. मुख्य पासवर्ड पहिल्या दिवसापासून महाविद्यालयाकडे राहील हे करारात घाला. आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी संपूर्ण कॅटलॉगची मार्क फाईल (पुस्तकांच्या नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेता याव्यात अशा ठरावीक स्वरूपातली) मागून घ्या, ती त्यांच्या नव्हे, आपल्या संगणकावर उघडा आणि पन्नासेक मराठी शीर्षकं दाखल रजिस्टरशी ताडून पाहा.